धानाच्या हिरव्यात जांभळट झाक येते कुठून?

भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपून महिना झाला, की बांधीतला धान डोळ्यांत भरतो. फोटोत मात्र तोच हिरवा मळकट दिसतो, कधी त्यात जांभळट झाकही येते. ‘कॅमेरा स्वस्तातला’ हे त्यावरचं नेहमीचं निदान. बहुतेकदा ते चुकीचं असतं.

कॅमेऱ्याला धान ओळखता येत नाही. ऑटो व्हाइट बॅलन्स चौकटीतल्या रंगांवरून उजेडाचा रंग ताडतो. चौकट नुसत्या हिरव्याने भरली, तर हा हिरवेपणा उजेडातलाच असावा असं समजून तो त्यात किरमिजी मिसळतो. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या फोटोतही हेच घडतं. दुकानात रांगेने मांडलेले गुंड फोटोत फिकुटतात, कारण त्यांचा पिवळेपणा कॅमेऱ्याला दोष वाटतो. उन्हात असाल तर ‘डेलाइट’ निवडा, प्रश्न मिटतो. म्हणून ऑटो टाकाऊ ठरत नाही. वरातीत पावलागणिक उजेड बदलतो, तिथे तोच कामाचा.

सर्वांत जास्त गोंधळ केल्विनचा. बाजारात 2700 केल्विनचा दिवा पिवळसर आणि 6500चा निळसर मिळतो. त्यामुळे कॅमेऱ्यातला आकडा वाढवला की फोटो निळा होईल, असं अनेकांना वाटतं. होतं उलटच. तो आकडा म्हणजे समोरचा उजेड कसा आहे याची कॅमेऱ्याला दिलेली माहिती. 7500 ठेवलंत, तर उजेड निळा आहे असं मानून तो फोटोत पिवळा वाढवतो. भर दुपारचं ऊन साधारण 5500, झाडाखालची सावली 7000च्या पुढे, जुना तारेचा बल्ब 2700च्या आसपास, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. याहून नेमकेपणा हवा असेल, तर त्याच उजेडात राखाडी कार्ड धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या.

‘रॉमध्ये काढतो, रंगाचं नंतर बघू’ हे अर्धंच खरं. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स मागाहून बदलता येतो. जेपेगमध्ये तो मुरलेला असतो आणि प्रत्येक रंगाच्या जेमतेम 256 पायऱ्या असतात. 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. पण जो रंग टिपतानाच भरून वाहिला, त्यातला तपशील रॉमध्येही परत मिळत नाही. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यत्वे गोंदिया-भंडाऱ्यात. त्याचं लाल डोकं संध्याकाळच्या तांबूस उन्हात टिपताना लाल रंगच आधी भरतो. त्यात ‘व्हिविड’ लावलं, तर जेपेगमध्ये डोक्याच्या जागी सपाट लाल ठिपका उरतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवावं आणि लाल रंगाचा हिस्टोग्राम वेगळा बघावा.

अॅडोब आरजीबीमध्ये रंगांचा पट्टा मोठा, म्हणून फोटो चांगला, हाही असाच समज. तो पट्टा न पाळणाऱ्या पडद्यावर असा फोटो निस्तेज दिसतो. मोबाइलवर पाठवायचा किंवा साध्या लॅबमध्ये छापायचा असेल, तर एसआरजीबीच ठेवा.

आणि झाडीपट्टीच्या रंगमंचावर? निव्वळ निळ्या एलईडीच्या उजेडात लाल नसतोच. नटाच्या चेहऱ्यावर पडलेलाच नाही तो रंग कुठलंही सेटिंग आणून देणार नाही. पांढरा झोत पडेपर्यंत थांबा, नाहीतर निळा निळाच राहू द्या.