विडी सुटली, साखर चढली

कराडच्या एका लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं रक्त काढायचं काम करते. गेल्या पावसाळ्यात आमच्या ह्यांचा रिपोर्ट प्रिंटरमधून बाहेर आला, तेव्हा समोर मीच उभी होते. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.७. विडी ओढत होते तेव्हा ७.४ होती. पाच महिने विडीला हात नाही आणि साखर वर! घरी कागद बघून हे म्हणाले, "मग सोडून मिळवलं काय?"

हाच प्रश्न लॅबच्या टेबलापलीकडून मी कितीदा ऐकलाय. त्यानंतर माणूस परत टपरीवर जातो, म्हणून जीव तुटतो.

विडी-सिगारेट सोडल्यावर साखर थोडी वाढू शकते, हे खरं आहे. ब्रिटनमधल्या टाइप २ मधुमेहाच्या दहा हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी किमान वर्षभर धूम्रपान सोडलं, त्यांचं एचबीए१सी पहिल्या वर्षात सरासरी ०.२१ ने वाढलं. मग ते उतरत गेलं आणि तीन वर्षांत ओढत राहिलेल्यांच्या बरोबरीला आलं. वजन वाढल्यामुळे असं होत असेल असं कुणालाही वाटेल, पण त्या अभ्यासात वजनाशी त्याचा मेळ बसला नाही.

आमच्या घरचं एक कारण मात्र मला धुण्यात सापडलं. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात, जिथे विडीबंडल असायचं तिथे, लिमलेटच्या गोळ्यांचे कागद. मोजले, अकरा निघाले. एका दिवसाचे! तोंडाला चाळा हवा असतो, जिभेला चव परत आलेली असते, भूकही वाढते. गोळ्यांच्या जागी मी लवंग आणि भाजलेली बडीशेप दिली.

निकोटिनमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, रक्तवाहिन्याही आकसतात. मधुमेहाने त्या आधीच खराब होत असतात. धूर त्यात भर घालतो. हृदय, मूत्रपिंड, पायाची न भरणारी जखम, खरा धोका तिथे आहे. ०.३ साठी पाय पणाला लावायचा का?

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जास्त जपावं. धूम्रपान थांबलं की कातडीखालचा रक्तपुरवठा सुधारतो, इन्सुलिन लवकर भिनतं आणि साखर एकदम उतरूही शकते. घाम, थरथर जाणवली तर लगेच तपासा. सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगितलं, तर डोस कमीजास्त करता येतो. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडायला फुकट मदत मिळते.

ह्यांची गोळी डॉक्टरांनी थोडी वाढवली. परवा पुन्हा रक्त काढलं. ७.५. कागद हातात घेऊन हे काही बोलले नाहीत, फक्त खिशातली बडीशेप माझ्यापुढे धरली.