उतारवयांतील राहतें घर

शेताचा बांध, विहिरीचें पाणी, बियाण्याची जात, बैलाचे दांत या गोष्टी आपला शेतकरी जितक्या बारकाईनें पाहतो, तितक्या बारकाईनें आपण म्हातारपणीं कोठें राहणार हें तो पाहत नाहीं. साठी उलटेपर्यंत हा प्रश्न त्याच्या मनांतही येत नाहीं; आणि येतो तेव्हां बहुधा गुडघे दुखूं लागल्यावर, किंवा पुण्या-नाशिकास नोकरीस असलेल्या मुलानें "आबा, आतां शेत विका आणि इकडेच या," असें म्हटल्यावर येतो. नोकरदाराच्या निवृत्तीची तारीख ठरलेली असते. शेतकऱ्याला तशी तारीख नाहीं, म्हणून तयारीही नाहीं.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. वारसाच्या, वाटपाच्या व बक्षीसपत्रांच्या तक्रारी नोंदींचीं प्रकरणें वर्षानुवर्षें टेबलावरून जात असतां एक गोष्ट ध्यानांत आली. घर लहान किंवा जुनें आहे म्हणून वृद्धांचे हाल क्वचित् होतात. घर दुसऱ्याच्या नांवें आहे म्हणून, किंवा तें माणसांपासून व दवाखान्यापासून दूर आहे म्हणून पुष्कळ होतात. ऐपतीचा प्रश्नही याच दोन गोष्टींपाशीं येऊन ठेपतो.

जमीनधारक शेतकऱ्यापुढें सामान्यतः तीन मार्ग असतात : तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं फ्लॅट, शेतांतील वस्ती, आणि गांवठाणांतील वडिलोपार्जित घर. फ्लॅटचा विचार प्रथम करूं, कारण त्यापायींच जमिनी विकल्या जातात. समजा, सर्व खर्च धरून फ्लॅट २५ लाख रुपयांस पडतो. ही रक्कम शेंकडा ७ दरानें ठेवीत ठेविली तर वर्षास १ लाख ७५ हजार, म्हणजे महिन्यास साडेचौदा हजार रुपये व्याज येतें. तसाच फ्लॅट त्याच गांवीं ८ हजार रुपये भाड्यानें मिळत असेल, तर भाडें देऊनही साडेसहा हजार हातांत उरतात आणि मुद्दल शाबूत राहतें. भाडें वर्षावर्षाला वाढतें हें खरें, आणि घराची किंमत वाढते हेंही खरें. पण सत्तरीच्या माणसानें ती किंमत वाढण्याची वाट कोणासाठीं पाहावयाची? त्याला दरमहा हातांत पडणारा पैसा पाहिजे. शिवाय विकत घेतलेल्या घरासही सोसायटीची वर्गणी व घरपट्टी चुकत नाहीं, आणि शेत विकल्यावर जी ज्वारी, डाळ, भाजी व दूध घरचें होतें तें सर्व बाजारांतून आणावें लागतें. हा शेवटचा खर्च हिशेब मांडतांना कोणी धरीत नाहीं. म्हणून ज्यास शहरांत राहणें प्राप्तच आहे त्यानें पहिलें वर्ष भाड्यानें राहून पाहावें. एक पावसाळा आणि एखादें दुखणें तेथें काढल्यावांचून घर सोईचें कीं गैरसोईचें हें कळत नाहीं.

घ्यावयाचेंच ठरलें तर कायद्याचा आधार आतां बरा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षां मोठी आणि सदनिका ८ पेक्षां अधिक असल्यास बांधकामाची नोंदणी महारेराकडे करावी लागते. किंमत चटईक्षेत्रावर ठरते, करारनामा नोंदविल्यावांचून शेंकडा १० पेक्षां अधिक रक्कम बांधणारास घेतां येत नाहीं, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामांत दोष निघाल्यास तो त्यानें स्वखर्चानें दूर करावयाचा असतो. मात्र तालुक्याच्या गांवीं चार-सहा बिऱ्हाडांच्या इमारती पुष्कळ असतात व त्या या नोंदणींतून सुटतात. तेथें खरेदीदारानें दुप्पट सावध राहावें. अशा इमारतींना लिफ्टही बहुधा नसते. तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅट स्वस्त मिळतो तो त्याचसाठीं. अशा घरांत गुडघ्यांनीं जबाब दिल्यावर माणूस एका खिडकीचा धनी होऊन बसतो.

शेतांतील वस्तीकडे पुष्कळ बंधूंचा ओढा असतो आणि तो साहजिक आहे. डोळ्यांसमोर पीक, दारांत गाय, मोकळी हवा. कायद्याचीही फारशी आडकाठी नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ प्रमाणें शेतकऱ्यास आपल्या शेतांत शेतघर बांधतां येतें, शहरांच्या हद्दींत व त्यांलगतच्या टापूंत मात्र परवानगी लागते. परंतु चाळिशींतील वस्ती वेगळी आणि सत्तरींतील वस्ती वेगळी. शेतीच्या वाहिनीवरील वीज चोवीस तास नसते. काळ्या जमिनींतील वाट चार महिने चिखलाची असते. तींतून रुग्णवाहिका येत नाहीं, माणसाला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावें लागतें. जुन्नरच्या बाजूस उसांत बिबट्यांचा वावर असल्यामुळें दिवस मावळला कीं वस्त्यांचीं दारें लागतात. दोघांपैकीं एक गेल्यावर मागें राहिलेल्या एकट्यानें तेथें रात्र कशी काढावी, याचा विचार करूनच पाया खणावा. मुलगा व सून त्याच वस्तीवर नांदत असतील तर गोष्ट निराळी.

राहतां राहिलें गांवठाणांतील घर. आमचें मत याच्या बाजूस आहे. येथें हांक मारली तर ओ देणारा शेजारी आहे, वाणी व दळणाची गिरणी जवळ आहे, आणि जागेची किंमत वडिलांनींच देऊन ठेविली आहे. परंतु त्या जागेचा कागद कोणता, असें विचारल्यास बहुतेक लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुढें करितात. तो उतारा कर आकारणीचा आहे. मालकी सिद्ध करण्यास तो पुरेसा नाहीं. २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांची ड्रोननें मोजणी होऊन मिळकत पत्रिका व सनद देण्यांत येऊं लागली. जेथें हें काम झालें आहे तेथें आपली पत्रिका काढून नांव, क्षेत्र व चतुःसीमा ताडून पाहाव्या. आजोबांचेंच नांव असेल तर वारसनोंद करून घ्यावी. जेथें व्हावयाचें आहे तेथें चुन्याची रेघ ओढतांना स्वतः उभें राहावें, धाकट्या पुतण्याला पाठवूं नये. बोळ कोणाचा, सामाईक भिंत कोणाची, मागच्या परड्यांत जाण्याची वाट कोठून, हें गांवांत आज ज्यांना ठाऊक आहे ते आणखी दहा वर्षांनीं असतील असें नाहीं.

जुनें घर पाडून नवें बांधण्याची घाई मात्र करूं नये. आठ खणांच्या वाड्यांतील दोनच खोल्या नीट केल्या तरी नवरा-बायकोचा संसार सुखानें होतो, आणि नव्या घराच्या खर्चाचा लहानसा अंश पुरतो. परंतु धाब्याचें व दगडमातीचें घर असेल तर एक तपासणी टाळूं नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्यांत हजारों माणसें मेलीं तीं मुख्यतः अशाच घरांत. दोन तोंडांच्या जाड भिंती, मधें मातीगोट्यांची भर, दोन्ही तोंडें बांधून ठेवणारा आरपार दगड नाहीं, आणि डोक्यावर वर्षानुवर्षें थर चढून जड झालेलें मातीचें धाबें. हादऱ्यासरशीं भिंतीचीं दोन्ही तोंडें सुटलीं आणि छप्पर निजलेल्या माणसांवर आलें. धाब्यावरील जादा माती उतरविणें, भिंतींत जागोजाग आरपार जोडदगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणें, आणि दारांच्या डोक्यावरून सळईचा पट्टा सर्व भिंतींस फिरविणें, इतकें केल्यानें जुनें घर पुष्कळ भरवशाचें होतें. काम माहितगाराच्या देखरेखीखालीं व पावसाळ्यापूर्वीं उरकावें.

आंतील रचनेंत पैशांपेक्षां अक्कल अधिक लागते. निजण्याची खोली, न्हाणीघर व संडास एकाच पातळीवर व एकाच छपराखालीं असावे. रात्रीं आंगण ओलांडून परड्यांतल्या संडासांत जाणें हें म्हातारपणीं मांडीचें हाड मोडण्याचें मोठें कारण आहे. संडासांत खुर्चीसारखें बसण्याचें भांडें बसवावें आणि भिंतीस धरावयास लोखंडी दांडा लावावा. हल्लीं गुळगुळीत चकचकीत फरशीचा हव्यास फार झाला आहे. त्याऐवजीं शहाबादी फरशी घासून न गुळगुळवितां तशीच बसविली तर ती स्वस्तही पडते व ओली झाल्यावर पायही धरते. उंबरे काढून टाकावे, दार ३ फूट रुंद ठेवावें म्हणजे पुढें चाकांची खुर्ची आंत जाते. ओट्याच्या पायऱ्यांशेजारीं उतार करावयाचा तर एक फूट चढास बारा फूट लांबी द्यावी. इतकी जागा नसेल तर पायऱ्याच ठेवून कठडा करावा. खडा उतार पायऱ्यांहून वाईट.

आतां मालकीची गोष्ट. महाराष्ट्रांत मुलास, मुलीस, नातवंडास किंवा पति-पत्नीस राहतें घर व शेतजमीन बक्षीस देण्यासाठीं मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. शासनानें ही सवलत चांगल्या हेतूनें दिली. पण तिच्यामुळें घाईही वाढली. "एवीतेवी त्यालाच द्यावयाचें, मग आतांच २०० रुपयांत उरकून टाकूं," असें म्हणून बाप मोकळा होतो. अशा एका प्रकरणांत एका बागाईतदारानें घर व सर्व जमीन एकुलत्या एका मुलास बक्षीसपत्रानें दिली. मुलगा सज्जन होता. त्याच्याविषयीं कोणाचीच तक्रार नव्हती. दोन वर्षांनीं तो अपघातांत वारला. हिंदु उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणें पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची विधवा, मुलें व आई येतात. बाप दुसऱ्या वर्गांत पडतो. वारसनोंदींत म्हातारीचें, सुनेचें व नातवांचीं नांवें लागलीं, आणि ज्यानें ती बाग उभी केली त्याचें नांव सात-बाऱ्यावर उरलें नाहीं. सून मुलांच्या शिक्षणासाठीं माहेरच्या गांवीं गेली व तिनें आपला हिस्सा मागितला. तिचेंही कांहीं चुकलें नव्हतें. म्हातारा कचेरींत येई आणि प्रत्येक वेळीं एकच विचारी, "रावसाहेब, मी यांत कोठें आहें?" नियमांत त्याचें उत्तर होतें, पण तें त्याला सांगणें कठीण जाई.

म्हणून राहतें घर आणि निदान पोटापुरती जमीन जिवंतपणीं नांवावरून जाऊं देऊं नये. कांहीं कारणानें बक्षीसपत्र करणें भागच असेल, तर आमरण त्या घरांत राहण्याचा हक्क राखून ठेवावा आणि देखभालीची अट स्पष्ट शब्दांत लिहावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यांत कलम २३ असें आहे कीं, साठ वर्षांवरील व्यक्तीनें देखभालीच्या अटीवर मिळकत दिली व घेणारानें ती अट पाळली नाहीं, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेतां येतो. हें काम प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणांत चालतें. पण अटच लिहिलेली नसली तर ती होती हें शाबीत करतां करतां म्हाताऱ्याची दमछाक होते.

घरधनिणीचें नांवही घराच्या कागदावर असावें. शेतजमिनीस पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्ति योजना महाराष्ट्रांत १९९२ पासून आहे. तिचा लाभ घेणारे अद्यापि थोडेच. शहरांत घर घेतांना तें केवळ स्त्रीच्या नांवें घेतल्यास मुद्रांक शुल्कांत शेंकडा १ ची सूटही २०२१ पासून मिळूं लागली. बायका बहुधा नवऱ्याच्या मागें अनेक वर्षें जगतात, हें आपल्या प्रत्येक वाड्यांत दिसतें. त्या वर्षांत तिला उंबऱ्याबाहेर कोणी काढूं नये एवढी तजवीज कागदावर पाहिजे.

बाकीच्यांस काय द्यावयाचें तें मृत्युपत्रांत लिहावें. त्यास मुद्रांक लागत नाहीं, आणि मन बदलल्यास तें केव्हांही बदलतां येतें. बक्षीसपत्राचें तसें नाहीं. सोसायटींतील फ्लॅटला नामनिर्देशन केलें म्हणजे मृत्युपत्राची गरज उरली नाहीं, असा समज आहे तो खोटा. नामनिर्देशनानें मालकी ठरत नाहीं. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नाहीं, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती करून घ्यावी. साक्षीदार लाभ मिळणाऱ्यांपैकीं नसावे, आणि शक्यतों दोघेही आपल्याहून वयानें लहान असावे.