बियाणे विक्री: शेतकऱ्याचा हक्क आणि उत्पादक कंपनीची जबाबदारी

संरक्षित बटाटा वाणाच्या लागवडीवरून पेप्सिको कंपनीने २०१९ मध्ये गुजरातमधील शेतकऱ्यांविरुद्ध दावे दाखल केले व त्याच वर्षी ते मागे घेतले. या घटनेमुळे बियाण्यावरील हक्कांचा प्रश्न चर्चेत आला. बियाणे व्यवसायात उतरणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मधील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विक्रीचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे लेबल लावलेल्या पिशवीतून, म्हणजेच ‘ब्रँडेड’ स्वरूपात, ते विकता येत नाही. बियाणे अधिनियम, १९६६ मधील कलम २४ देखील स्वतः पिकविलेले बियाणे स्वतःच्या जागेवरून थेट पेरणाऱ्याला विकणाऱ्यास सूट देते.

सभासदांचे बियाणे एकत्र करून विकणाऱ्या कंपनीने ही सूट गृहीत धरू नये. तिला बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार विक्री परवाना आवश्यक असतो. अधिसूचित वाणांसाठी किमान उगवणशक्ती, शुद्धता व लेबल यांचे निकष पाळावे लागतात. वाण संरक्षित असल्यास हक्कधारकाची लेखी अनुमती घ्यावी.

म्हणून बीजोत्पादनाचा करार करण्यापूर्वीच वाणाची नोंदणी व संरक्षणाची मुदत तपासावी. वृक्ष व वेलवर्गीय पिकांसाठी ही मुदत कमाल १८ वर्षे, तर इतर पिकांसाठी १५ वर्षे असते. पिशवीवर नाव छापण्यापूर्वी केलेली ही पडताळणी पुढील वाद टाळू शकते.