जुनं स्टार ट्रेक: कोणता संच घ्यावा?

१९६६ ते १९६९ मधली मूळ मालिका, ७९ भाग. डीव्हीडीवर ती आधी सुटी आली, एका डिस्कवर दोनच भाग. नुसत्या त्यांनीच फळी भरायची! २००४ मध्ये पिवळ्या, निळ्या, लाल डब्यांतले संच आले. दिसायला झकास.

पण घ्यायचाच तर २००९ चा ब्ल्यू-रे घ्या. २००६ पासून मालिकेतली अंतराळदृश्यं संगणकावर नव्याने केली गेली. सुधारित डीव्हीडीत फक्त तीच मिळतात. ब्ल्यू-रेवर मात्र रिमोटचं अँगल बटण दाबलं की चालू दृश्यातच नवं एंटरप्राइझ यान जाऊन मूळ लाकूड-प्लास्टिकचं मॉडेल समोर येतं. मला तर जुनंच भारी वाटतं. नवं फारच गुळगुळीत आहे.