बंदीतला शनिवार-रविवार

सातपाटीत आठवडा शनिवारी संपत नाही. इथल्या बोटी तिथी बघून सुटतात, जाळी उधाण-भांग बघून पडतात, आणि ऐन पापलेटच्या दिवसांत रविवार आला तर तो रविवार आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. मित्रांच्या टोळीत एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, असला की दोन दिवस डोंगरात जायचा बेत कॅलेंडरवर ठरत नाही, पंचांगावर ठरतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो.

मोकळे दिवस मिळतात ते मासेमारी बंदीत. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी करता येत नाही. बोटी वर ओढून शाकारल्या जातात, इंजिनं उघडली जातात, ओट्यावर जाळी दुरुस्तीला निघतात. तांडेल घरात सापडतो तो याच काळात. आमच्यातल्या 'बाई' जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, त्यांना रविवार हक्काचा. चौथा गडी तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातो. त्याच्या सुट्टीचं गणित त्यालाच कळतं. या चौघांच्या सुट्ट्या एका शनिवार-रविवारी जुळल्या, तेव्हा जुलै अर्धा सरला होता आणि पाऊस दोन दिवस दम खाऊन होता.

बेत असा: शनिवारी सकाळी काळदुर्ग, दुपारून अशेरी, मुक्काम अशेरीच्या गुहेत, आणि रविवारी पायांत जीव उरला तर बोईसरकडे येताना आसावा. तिन्ही गड पालघर तालुक्यातले आणि उंचीला दोन हजार फुटांच्या आतले. पुण्या-नाशिकचे ट्रेकर हे आकडे ऐकून हसतात. हसू दे. कळसूबाई ५,४०० फूट खरी, पण पायथ्याचं बारी गावच इतकं उंचावर आहे की प्रत्यक्ष चढाई निम्म्याच्या आसपास येते. पालघरच्या डोंगरांना असा आयता उंचवटा नाही. त्यांचे पाय जवळपास समुद्रसपाटीवर टेकलेले, आणि हवा समुद्राची: दमट, जड, घाम वाळूच न देणारी. काळदुर्ग चढताना पहिल्या वीस मिनिटांत शर्ट पिळून निघतो. माणूस इथे चढाने कमी आणि घामाने जास्त थकतो, आणि दरवर्षी कुणीतरी एक लिटरची बाटली घेऊन येतो.

तांडेल पाण्याच्या बाबतीत कडक आहे. माणशी तीन लिटर, त्यातली एक बाटली मीठ-साखर-लिंबाची. ती परतीच्या वाटेला लागल्याशिवाय उघडायची नाही. बोटीवर पाच-सहा दिवसांचं पाणी, बर्फ, डिझेल, शिधा मोजून भरणाऱ्या माणसाला 'वर टाकं आहे की' हा युक्तिवाद चालत नाही. टाकं असतं, पण ते कुठल्या अवस्थेत असेल हे वर गेल्यावरच कळतं.

त्याने सॅक भरली ती मी आदल्या संध्याकाळी त्याच्या ओटीवर बसून पाहिली. तळाला जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कोरडे कपडे आणि पातळ चादर. पिशवीचं तोंड पिळून उलटं वळवायचं आणि त्यावर नायलॉनच्या बारीक दोरीचे दोन वेढे. गाठ अशी की ओल्या, गारठलेल्या बोटांनी एक टोक ओढलं की सुटावी, पण आपण होऊन सुटू नये. त्यावर तांदूळ-मूगडाळ, एक पातेलं, छोटी गॅसची शेगडी. सर्वांत वर, हाताला लगेच लागेल असं निळं प्लास्टिक, बॅटरी आणि दोर. बाईंनी आणलेली महागडी सॅक त्याने हातात घेऊन उलटसुलट केली, तिचं पावसाळी आवरण बघितलं, आणि काही न बोलता आतल्या सामानालाही प्लास्टिक गुंडाळलं. रविवारच्या पावसात एकाच सॅकमधले कपडे भिजले. ती पाळीवाल्याची होती, त्याने प्लास्टिकला नकार दिला होता.

सातपाटीहून पालघर आठ-नऊ किलोमीटर, तिथून मनोरची एसटी. वाघोबा खिंडीत उतरलो की देऊळ रस्त्यालगतच आहे. येणारी-जाणारी वाहनं इथे वेग कमी करतात, काही देवासाठी, काही माकडांसाठी. वाघोबा इथल्या वारली-कातकऱ्यांचा जुना देव. जंगलातल्या खऱ्या वाघाशी सलोखा ठेवायचा म्हणून मांडलेला. तांडेल नारळ फोडतोच; दर्यात जाताना फोडतो तसा. मग वाट रानात शिरते.

काळदुर्ग लांबून ओळखायला सोपा. माथ्यावर चौकोनी कातळ बसवल्यासारखा दिसतो, आणि पालघर स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकाने तो पूर्वेला पाहिलेला असतो, नाव माहीत नसलं तरी. जवळ गेल्यावर मात्र तो दिसेनासा होतो. पावसाळ्यात पानांचा पडदा इतका दाट की चालणाऱ्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. वाट एक नाही, गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या अनेक वाटा एकमेकींत शिरतात. इथे चुकतात ते उतरताना; चढताना कुठलीही वाट शेवटी वरच जाते. म्हणून दर फाट्यावर थांबून मागे वळून बघायचं, उतरताना ही जागा कशी दिसेल ते डोळ्यांत भरून घ्यायचं. तांडेलला हे सांगावं लागत नाही. खाडीतून बाहेर पडताना तोही मागे वळून किनारा बघतो.

झाडी संपली की उघडं पठार लागतं आणि वारा लागतो. तिथून शेवटचा टप्पा कातळाचा. ओल्या कातळात दोन रंग असतात, काळा आणि हिरवट. काळ्यावर बूट धरतो, हिरवटावर धरत नाही. शेवाळ दाट असलं तर कळतं. पातळ असलं तर कळत नाही, आणि तेच पाडतं. पाळीवाला फॅक्टरीचे जाड तळाचे बूट घालून आला होता. तेलकट फरशीवर टिकणारे बूट शेवाळ्यावर टिकत नाहीत हे त्याने दोनदा बसून सिद्ध केलं. तांडेल साध्या रबरी सँडलवर होता, आणि पाऊल टाकायच्या आधी ते टेकवून दाबून बघत होता. ओल्या फळीवर, डोलणाऱ्या बोटीवर वावरणाऱ्याचं पाऊल असंच पडतं, सगळा भार एकदम न देणारं. आम्ही त्याच्या पावलावर पाऊल ठेवून वर गेलो. हा वाक्प्रचार इथे अक्षरशः घ्यावा.

माथ्यावर बांधकाम म्हणावं असं फारसं नाही. कातळात खोदलेलं टाकं आहे, आणि टेहळणीला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. खाली देवकोपचा तलाव, पूर्वेला कोहोज, ईशान्येला अशेरी, दक्षिणेला तांदुळवाडीची रांग. आणि पश्चिमेला, ढग फाटला तेव्हा, पालघर, त्यामागे शिरगावचा किनारा, सातपाटी आणि समुद्र. आम्ही तिघं किल्ले ओळखत बसलो. तांडेल समुद्राकडे तोंड करून उभा होता.

त्याच्यासाठी हा डोंगर चढायची जागा नव्हताच. घरातल्या म्हाताऱ्यांनी त्याला तो समुद्रातून दाखवला होता. जीपीएस बोटींवर यायच्या आधी जाळं कुठे टाकलं आणि घर कुठे आहे हे ठरायचं डोंगरांवरून. लांबचा एक माथा आणि किनाऱ्यावरची एक खूण, ताडांचा झुबका किंवा देवळाचं शिखर, एका रेषेत आली की एक दिशा पक्की. दुसऱ्या बाजूची अशीच जोडी मिळाली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आपण. बाईंनी लगेच हे भूमितीच्या तासाला घ्यायचं ठरवलं. यंत्र आल्यापासून रेषा धरायची गरज उरली नाही, पण परतताना पाण्यावर आधी डोंगराचा माथा उगवतो आणि गाव नंतर, हे तसंच आहे. ही तांडेलने सांगितलेली गोष्ट. ऐकताना मला आमच्या ट्रेकिंगच्या वह्यांमधली उंची आणि अंतरं जरा अपुरी वाटली.

तिथेच भाकऱ्या सोडल्या. तांदळाची भाकरी, घरून भाजून आणलेले सुके बोंबील, कांदा. घामाने गेलेलं मीठ परत मिळवायला याहून सोपं खाणं मला माहीत नाही. बाजारातल्या एनर्जी बारपेक्षा स्वस्त तर आहेच.

उतरून मनोर, तिथून मस्तान नाक्यावरून महामार्गाने खोडकोना. या टप्प्यात लिहिण्यासारखं काही नाही. ट्रक, खड्डे, डोंगर कापून केलेल्या खडीच्या खाणी. पायथ्याच्या पाड्यावर वाटेची चौकशी केली, रात्री वर राहणार असल्याचं सांगितलं, आणि गावातला एक तरुण सोबत घेतला. वाटाड्याचे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

अशेरीची वाट आधी रानातून, मग खिंडीत, मग उभी. या भागात लाकडी फळीवर वाघ आणि चंद्र-सूर्य कोरलेले वाघदेव दिसतात. त्यांच्यापुढे आमचा वाटाड्या चप्पल काढून पुढे गेला, आम्हीही काढल्या. वरचा कातळटप्पा ही या गडाची खरी परीक्षा. तिथे लोखंडी शिडी आहे, पण पाठीवरच्या फुगलेल्या सॅकसकट ती चढणं म्हणजे प्रत्येक पायरीला मागे ओढलं जाणं. तांडेलने सॅक काढायला लावल्या. तो रिकाम्या पाठीने वर गेला, दोर सोडला, आम्ही एकेक सॅक अडकवली आणि त्याने हातावर हात टाकत जाळं ओढावं तशा त्या ओढून घेतल्या. एकही कातळाला घासली नाही. मग माणसं, एका वेळी एकच. पहिला वर पोचून बाजूला होईपर्यंत दुसऱ्याने शिडीला हात लावायचा नाही.

पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, पडका दरवाजा आणि त्याच्या आसपास राजमुकुट कोरलेला दगड. मुकुट पोर्तुगीजांचा. १५५६ मध्ये हा गड त्यांच्या हाती आला आणि पुढे सुमारे एकशे ऐंशी वर्षं बहुतांशी त्यांच्याकडेच राहिला. सह्याद्रीपासून सुटलेला हा एकांडा डोंगर त्यांना का हवा होता, याचं एक उत्तर आसपासच्या रानात आहे. वसईला पोर्तुगीजांची जहाजं बांधली जात, आणि त्यांना लागणारं सागवान अशेरीच्या मुलखात होतं. गड हातात असला की रान हातात. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत अशेरी मराठ्यांकडे आला. आमच्या गावाशेजारचा शिरगावचा किल्लाही त्याच मोहिमेत, १७३९ मध्ये. सागवानाचं कळल्यावर तांडेलने वाटेतल्या एका सागाच्या बुंध्याला कवेत घेऊन बघितलं. सातपाटीचा मचवा एकेकाळी सबंध किनाऱ्यावर नावाजलेला होता. त्याच्या आजोबांचा लाकडी होता, आता नव्या बोटी फायबरच्या होतात. 'याची एक फळी निघेल,' म्हणाला, 'तीपण आखूड.'

माथ्यावर टाकी आहेत, तळं आहे, आणि कातळातली प्रशस्त गुहा आहे, तिच्यात देवीचं ठाणं. जोडे बाहेर. बोंबलांची उरलेली पुडी तांडेलने बाहेरच्या बाहेर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली आणि रात्री फक्त खिचडी झाली, तीही गुहेच्या तोंडाशी. आत चूल पेटवणारे महाभाग येऊन गेलेले दिसत होते. छत काळं झालेलं आणि कोपऱ्यात चिप्सच्या पिशव्या. बाईंनी त्या गोळा केल्या. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून घेतलं. रात्री पावसाने जोर धरला. गुहेत थेंब आला नाही, डास मात्र सगळे आले.

पहाटे उजाडलं ते नुसतं करडं. पाळीवाल्याला आसाव्याचं कातळात खोदलेलं मोठं टाकं दाखवायचं होतं, कारण ते त्याच्या बोईसरजवळचं, आणि काल दोन गड झाले असताना तिसरा सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं. तांडेल गुहेबाहेर जाऊन पाच मिनिटं वाऱ्याला गाल देऊन उभा राहिला. आत येऊन म्हणाला, 'शिडी ओली आहे, वारा नैऋत्येचा वाढतोय. आत्ता उतरायचं, चहा खाली.' चर्चा झाली नाही. बंदर सोडून तासाभरात वारा बदलला म्हणून बोट परत आणणाऱ्या तांडेलला सातपाटीत कुणी नावं ठेवत नाही. डिझेल गेलं तर गेलं. ट्रेकवर मात्र परत फिरायचं म्हटलं की चार शहाणे नाकं मुरडतात. सॅक दोराने खाली, मग माणसं, या खेपेला शिडीकडे तोंड करून आणि कमरेला दोर बांधून. तासाभराने खोडकोन्यात चहा घेत असताना वरचा डोंगर ढगात पूर्ण बुडालेला होता.

तुम्हाला हे दोन गड करायचे असतील तर जुलै निवडू नका. आमची ती अडचण होती. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम: कातळ कोरडा, हवा स्वच्छ, काळदुर्गावरून समुद्र दिसण्याची शक्यता मोठी. मार्चनंतर टाक्यांवर भिस्त ठेवू नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या, खोडकोन्याहून वाटाड्या घ्या, गुहेत विस्तव नको. आणि सोबत सातपाटीचा तांडेल हवा असेल तर त्या महिन्यांत विचारू नका. तो समुद्रात असतो.