पेशीच्या प्रयोगशाळेत समीकरणांचं काम

पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॉडेलिंगचा विषय निघाला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘आधी सगळे आकडे हातात येऊ देत, मग बघू.’ प्रथिनांचं प्रमाण, एन्झाइमचे वेग सगळं मोजून झालं की मगच मॉडेल, हा समज फार पक्का आहे. पण काय मोजायचं हे ठरवण्यासाठीच तर मॉडेल लागतं.

झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांचा अर्क परीक्षानळीतही पेशीचक्र चालू ठेवतो. सायक्लिन साठतं, सीडीके1 हे एन्झाइम सक्रिय होतं, विभाजन सुरू होतं. सायक्लिन नष्ट झालं की विभाजन संपतं. फळ्यावर ही गोष्ट चार बाणांत मावते. 1993 साली बेला नोव्हाक आणि जॉन टायसन यांनी या बाणांची समीकरणं मांडली. त्यातले कितीतरी वेग निव्वळ अंदाजाने घेतलेले होते. तरीही बाणांत न दिसणारी एक गोष्ट त्यातून निघाली. सीडीके1 स्वतःला चालना देणाऱ्या सीडीसी25ला बळ देतं आणि स्वतःला रोखणाऱ्या वी1ला दाबतं. त्यामुळे विभाजनात शिरायला जेवढं सायक्लिन लागतं, त्यापेक्षा कमी सायक्लिनवर पेशी विभाजनात टिकून राहायला हवी.

याचा पडताळा 2003 साली दोन गटांनी स्वतंत्रपणे घेतला. नष्ट न होणारं सायक्लिन वेगवेगळ्या प्रमाणात अर्कात घालायचं, आणि अर्क आधी कोणत्या अवस्थेत होता तेही पाहायचं. एका गटाला शिरण्याचा उंबरठा 32 ते 40 नॅनोमोलरच्या दरम्यान मिळाला, टिकण्याचा 16 ते 24च्या. म्हणजे 30 नॅनोमोलर सायक्लिन असलेला अर्क विभाजनात असेल की नसेल, हे त्याच्या पूर्वस्थितीवर ठरतं. नुसते बाण पाहून असा प्रयोग सुचणं मला अवघड वाटतं.

‘हे गणितवाल्यांचं काम’ हाही गैरसमजच. हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीच्या चेतातंतूवर स्वतः प्रयोग केले आणि समीकरणंही स्वतःच लिहिली. केंब्रिजचा संगणक त्या वेळी उपलब्ध नव्हता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर ती सोडवली. तो शोधनिबंध 1952चा. आज कोपासी किंवा व्हीसेलसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. अभिक्रिया भरल्या की समीकरणं तीच तयार करतात.

मॉडेलमध्ये जितके जास्त रेणू तितकं ते खरं, असंही नाही. प्रश्नाला पुरेल एवढंच घ्यावं.

सगळ्यात महाग पडतो तो समज म्हणजे ‘वक्र जुळला, म्हणजे यंत्रणा सिद्ध झाली.’ फ्रॅप प्रयोगात लेसरने पेशीतल्या एका ठिपक्याची चमक घालवतात आणि ती किती वेळात परतते ते मोजतात. परतीचा तोच वक्र विसरणाच्या मॉडेलवरही बसू शकतो आणि बंध सुटण्याच्या मॉडेलवरही. इथे निवाडा करायला दोन्ही मॉडेलांची भाकितं वेगळी कुठे पडतात ते शोधावं लागतं. ठिपक्याचा व्यास दुप्पट केला, तर शुद्ध विसरणात परतीचा वेळ साधारण चौपट व्हायला हवा. विसरण वेगवान असेल आणि बंध सुटण्याच्या वेगावरच सगळं अडत असेल, तर वेळ जवळजवळ तोच राहील. त्यासाठी नवं उपकरण नको. त्याच मायक्रोस्कोपवर, त्याच पेशींत, एका दुपारी हे करून पाहता येतं.