नवा गेमिंग पीसी मध्येच हँग होतोय? पार्ट बदलण्याआधी हे करून बघा

पीसी नवा कोरा. गेम मस्त चाललाय. विसाव्या मिनिटाला स्क्रीनवरचं चित्र जागच्या जागी थांबतं, माउस हलत नाही, आवाज एकाच ठिकाणी अडकून गुरगुरत राहतो. पॉवर बटण दाबून धरायचं, पुन्हा सुरू करायचं. मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी परत तेच!

अशा वेळी सगळीकडे एकच सल्ला मिळतो: दुसरी रॅम लावून बघ, दुसरं ग्राफिक्स कार्ड लावून बघ. पुण्यात हे जमेलही, पण ढोकीत जास्तीचं ग्राफिक्स कार्ड कुणाकडून आणायचं? पार्ट ऑनलाइन किंवा लातूर-सोलापूरहून आलेले. पिशवीत घालून पार्ट दुकानात नेला, तर तिथे तो अर्धा तास नीट चालतो आणि दुकानदार म्हणतो, "याला काहीच झालेलं नाही." तोवर परत करायची मुदत संपत येते. भाडं गेलं, दिवस गेला, आणि घरचे विचारणार ते वेगळंच.

म्हणून आपल्याला दुसऱ्या वाटेनं जायचंय. नवीन पार्ट न आणता, आहे त्याच पीसीकडून उत्तर काढायचं. त्याचा नियम एकच: एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा.

पीसी मोबाइलसारखा का नसतो?

मोबाइल कंपनीतूनच जोडून आणि तपासून येतो. असेंबल केलेल्या पीसीत प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची. प्रत्येक पार्ट चांगला असला तरी ते सगळे पहिल्यांदा एकत्र येतात ते तुमच्या टेबलावर. त्यामुळे हँग झाला म्हणजे पार्ट जळालाच असं नाही. बऱ्याचदा सेटिंग किंवा सैल जोडणी हेच कारण निघतं.

आधी बघा, नेमकं काय थांबलं

हँग झाल्यावर लगेच बटण दाबू नका. मोबाइलने व्हिडिओ काढा आणि या चार गोष्टी तपासा.

१. माउस हलतोय, फक्त गेम अडकलाय: संशय गेम, ड्रायव्हर किंवा एसएसडीवर.
२. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर विंडोज बहुतेक अजून जिवंत आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. चित्र परत आलं तर रोख ग्राफिक्सकडे.
३. दिवाही बदलत नाही, आवाज गुरगुरतोय: रॅम, प्रोसेसर, त्यांना मिळणारं व्होल्टेज किंवा ग्राफिक्स कार्ड.
४. स्क्रीन काळी, पण गेमचा आवाज नीट चालू: ग्राफिक्स कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा मॉनिटरची केबल.

वहीत तारीख, वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं ते लिहा. गेममध्येच होतं, की नुसता चालू ठेवला तरी होतं? रिकामा बसलेला असताना हँग होणारा पीसी आणि गेममध्ये हँग होणारा पीसी, दोघांची दुखणी बहुतेक वेगळी असतात.

नंतर स्टार्ट मेनूत इव्हेंट व्ह्यूअर शोधा आणि सिस्टिम लॉग उघडा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. बरेच जण इथेच फसतात आणि एसएमपीएस खराब आहे असं धरून चालतात. खरं तर त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला. तुम्ही बटण दाबून बंद केलात तरी तेच येतं. त्याच्या आधीच्या ओळी वाचा. तिथे 'डब्ल्यूएचईए-लॉगर' असेल, तर हार्डवेअरनेच चूक कळवली आहे. फोटो काढून ठेवा.

लाइटमुळे होतंय का?

घरात पहिला आरोप लाइटवर होतो. पण व्होल्टेज एकदम पडलं तर पीसी सहसा बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो, चित्र थिजून राहत नाही. तरी हँग होण्याची वेळ रोज संध्याकाळचीच असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज आणि अर्थिंग मोजून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, गेम नंतर.

उन्हाचंही तसंच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पण तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर बंद होतो. तरीही कूलरच्या तळाचा आणि एसएसडीच्या हीटसिंकखालचा प्लास्टिकचा कागद काढलाय ना, हे नक्की बघा. नवीन जोडणीत तो हमखास राहून जातो.

आता क्रमाने

*पहिली पायरी: जोडणी.* पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. रॅम काढून 'टक' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम असतील, तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत खात्री करा. ग्राफिक्स कार्डची पॉवर केबल पूर्ण आत गेली आहे ना?

*दुसरी पायरी: बायोस.* बायोसमध्ये जाऊन डिफॉल्ट सेटिंग लोड करा. यात रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल बंद होतं. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम मग ४८०० च्या आसपास चालेल. खोक्यावरचा तो मोठा आकडा म्हणजे खरं तर ओव्हरक्लॉक आहे, आणि प्रत्येक प्रोसेसर-बोर्ड जोडीला तो झेपतोच असं नाही. दोन-तीन दिवस असंच खेळा. हँग होणं थांबलं, तर गुन्हेगार बहुतेक सापडला! बायोस अपडेट करा आणि प्रोफाइल पुन्हा लावून बघा. तरीही अडकला, तर वेग एक पायरी कमी ठेवा.

बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, त्यामुळे यूपीएसशिवाय हे करू नका. अपडेटनंतर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा जुळवून घेताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून बंद करू नका.

*तिसरी पायरी: रॅमची परीक्षा.* मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका आणि रात्रभर चालू द्या. डिफॉल्ट सेटिंगवर एकही एरर यायला नको. आली, तर एकेक रॅम वेगळी लावून पुन्हा तपासा. दुसरा पार्ट न आणता तुलना होते ती अशी.

*चौथी पायरी: ड्रायव्हर.* मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून चिपसेट ड्रायव्हर घ्या, ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नव्याने टाका. एसएसडीचं फर्मवेअरही बघा. एएमडीचा पीसी रिकामा असतानाच हँग होत असेल, तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असल्यास ते 'टिपिकल करंट आयडल' करून बघा.

एरर खोटं बोलते तेव्हा

घाई का करायची नाही, याचं मोठं उदाहरण २०२४ मध्ये घडलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांचे गेम बंद पडू लागले. स्क्रीनवर एरर यायची की ग्राफिक्स कार्डची मेमरी संपली. साहजिकच संशय कार्डवर गेला. कार्ड मात्र ठणठणीत होतं, दोष प्रोसेसरमध्ये होता. त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत दुरुस्ती आली आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. तुमच्याकडे या पिढीतला असेल, तर बायोस अपडेट टाळू नका.

दुकानात जाताना

एवढं करूनही हँग होत असेल, तर एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर किंवा कार्डमध्येच दोष असू शकतो. आता मात्र तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही. व्हिडिओ, लॉगचे फोटो, मेमटेस्टचा निकाल, तारखांची वही आणि बिल सोबत घ्या. "कधीकधी हँग होतो" याऐवजी "डिफॉल्ट सेटिंगवर, याच गेममध्ये, पाच दिवसांत चार वेळा, हा बघा व्हिडिओ" असं सांगा. "काहीच झालेलं नाही" म्हणणं मग समोरच्याला अवघड जातं.

आणि पहिली नोंद आजच करा. परत करायची शेवटची तारीख बिलावर बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.